रानाची वाट आणि मुलींची शाळा

(शिक्षक, वन व महसूल खात्यांतील कर्मचारी आणि पंचायत सदस्य यांच्यापुढील भाषणाचा मजकूर)



भारतातील वनरक्षणाच्या इतिहासात २६ मार्च १९७४ या दिवसाला मोठे स्थान आहे. त्या दिवशी तेव्हाच्या उत्तर प्रदेशातील, म्हणजे आजच्या उत्तराखंडातील, चमोली जिल्ह्यात रेणी गावालगतच्या सरकारी जंगलात ठेकेदाराचे मजूर येऊन पोहोचले. तेथील झाडे लिलावात विकली गेली होती आणि ती तोडावयाची होती. गावातील पुरुषमंडळी त्याच दिवशी, सैन्यासाठी घेतलेल्या जमिनींची भरपाई मिळणार म्हणून, चमोलीस गेली होती. मजूर जंगलाकडे निघाल्याचे प्रथम पाहिले ते एका लहान मुलीने. ती धावत गेली आणि तिने गावच्या महिला मंगल दलाच्या प्रमुख गौरादेवी यांना वर्दी दिली. गौरादेवींबरोबर २७ जणी, त्यांत बायकांप्रमाणे मुलीही होत्या, जंगलात गेल्या आणि झाडांपुढे उभ्या राहिल्या. मजुरांना परतावे लागले. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ वीरेंद्रकुमार यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली आणि तिच्या अहवालानंतर त्या पाणलोट क्षेत्रातील व्यापारी वृक्षतोड दहा वर्षांसाठी थांबविण्यात आली.

गौरादेवींचे नाव सर्वतोमुखी झाले आणि ते योग्यच झाले. त्या मुलीचा उल्लेख मात्र बहुतेक वृत्तांतांत ‘एक मुलगी’ एवढाच येतो. तिच्या हातून काय घडले, हे क्षणभर पाहण्यासारखे आहे. ती घराबाहेर होती, म्हणून तिला दिसले. या जंगलात नेहमी कोण जाते आणि आज आलेले लोक नेहमीचे नव्हेत, एवढी तिला जंगलाची ओळख होती, म्हणून तिला कळले. आणि ही गोष्ट कोणास सांगावयाची व सांगितली तर ऐकली जाईल, याची तिला खात्री होती, म्हणून तिच्या पाहण्याचा उपयोग झाला. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतल्या किती मुलींना या तिन्ही गोष्टी एकाच वेळी लाभतात, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

ओझे असेल तरच परवानगी

महाराष्ट्राच्या ३,०७,७१३ चौरस किलोमीटर क्षेत्रापैकी ६१ हजारांहून अधिक चौरस किलोमीटर क्षेत्र वन म्हणून नोंदलेले आहे. म्हणजे राज्याचा सुमारे पाचवा हिस्सा. त्याखेरीज गावोगावची गायराने आहेत, पाझर तलावांचे काठ आहेत, ओढ्यांच्या दरडी आहेत, शाळेमागची पडीक टेकडी आहे. या जमिनी कोणा एकाच्या मालकीच्या नाहीत. त्या शासनाच्या, म्हणजेच सर्वांच्या आहेत, असे कायदा सांगतो. ‘सर्वांच्या’ या शब्दात गावातील दहा-बारा वर्षांची मुलगी येते की नाही, हे मात्र कायद्याच्या पुस्तकात पाहून कळणार नाही. ते संध्याकाळी गावाच्या वेशीवर उभे राहून पाहावे लागते.

मुलगा रानात जातो तो बोरे पाडायला, डोहात पोहायला, मासे धरायला. कधी गुरे राखायला जातो आणि गुरे राखता राखता सूरपारंब्याही खेळतो. मुलगी रानात जाते ती मोळीसाठी, गवताच्या भाऱ्यासाठी, शेण गोळा करण्यासाठी, चैत्रात मोहफुले वेचण्यासाठी, उन्हाळ्यात आईबरोबर तेंदूपाने तोडण्यासाठी. डोईवर ओझे घेऊन ती परतली तर तिला कोणी काही विचारत नाही. रिकाम्या हाताने परतली तर ‘कुठे गेली होतीस?’ हा प्रश्न हमखास येतो. ती वयात आली की हा प्रश्न अधिक कठोर होतो आणि पुष्कळदा शाळेची वाटही त्याच सुमारास अडते.

असे असूनही या मुलींना रानाची माहिती थोडीथोडकी नसते. कोणते सरपण धुरावते आणि कोणते निखारा धरते, पहिल्या पावसानंतर टाकळा कोठे उगवतो, करटोलीचा वेल कोणत्या कुंपणावर चढतो, भारंगीची पाने किती कोवळी असताना खुडावीत, हे त्यांना पाठ असते. पण शाळेत ‘वनांचे फायदे लिहा’ असा प्रश्न आला की हीच मुलगी ‘वनांमुळे पाऊस पडतो व जमिनीची धूप थांबते’ हे वाक्य घोकून लिहिते. करटोली तिच्या उत्तरात येत नाही, कारण करटोलीला गुण मिळत नाहीत. तिचे जाणणे घरात काम म्हणून गणले जाते आणि शाळेत मुळीच गणले जात नाही.

कुरणातील शाळा

या अडचणीवर महाराष्ट्रातच एकदा फार साधे उत्तर शोधले गेले होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे ग्राम बालशिक्षा केंद्र १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू झाले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. भोवती वारली पाडे. मुले शाळेत येत नसत, कारण ती गुरांमागे असत. मुली येत नसत, कारण त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असे. या दोघी शिक्षिकांनी पालकांना दोष देण्यात वेळ घालविला नाही. भावंडांसाठी पाळणाघर व बालवाडी शाळेला जोडली आणि गुरांमागच्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. तिचे नावही ‘कुरणशाळा’ असेच पडले. गुरे चरत असताना सावलीच्या जागी वर्ग भरे. शैक्षणिक साधने म्हणजे बिया, पाने, खडे, शिंपले, काड्या. माँटेसरी पद्धतीच्या विलायती साहित्याची किंमत खेड्याला परवडणारी नव्हती हे खरे, परंतु त्याहून महत्त्वाचे असे की, मुलांच्या हाताला आधीच ओळखीच्या असलेल्या वस्तूंतून मोजणे व वर्गीकरण शिकविता येते, हे तेथे सिद्ध झाले.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची अंगणवाडी देशभर पोहोचली. कुरणशाळा मात्र पोहोचली नाही. याचे कारण बहुधा असे की, अंगणवाडीला एक खोली, एक सेविका व एक हजेरीपट लागतो आणि या तिन्ही गोष्टी शासकीय नमुन्यात बसतात. कुरणाला दार नसते आणि ज्याला दार नाही त्याची तपासणी कशी करावयाची, हा कोणत्याही कार्यालयापुढील खरा पेच आहे. त्याची थट्टा करण्याचे कारण नाही, पण तो पेच मुलींच्या वाट्याला का यावा, हेही विचारले पाहिजे.

मोळी सुटली, पुढे काय?

गेल्या काही वर्षांत या प्रश्नाचे स्वरूप बदलले आहे. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे पुष्कळ घरांत स्वयंपाकाचा गॅस आला. जेथे सिलिंडर पुन्हा भरून आणणे परवडते तेथे मुलींची मोळी खरोखर सुटली. जेथे ते परवडत नाही तेथे चूल अजून पेटते आहे. मोळी सुटली हे उत्तमच झाले. धूर आणि ओझे यांचे गोडवे गाण्याचा अधिकार ज्यांनी ती कधी सोसली नाहीत त्यांना नाही.

परंतु मोळीबरोबर रानात जाण्याचे एकमेव मान्य कारणही संपते, हे लक्षात घेतले पाहिजे. गॅस आलेल्या घरातील मुलगी शाळेतून घरी येते आणि घरातच राहते. भाऊ पूर्वीप्रमाणेच बाहेर जातो. आजीला रानातील शंभर झाडे ओळखता येत असतील, आईला चाळीस येत असतील, तर नातीला दहाही येणार नाहीत. हे ज्ञान ओझ्यावाचून पुढे न्यावयाचे असेल तर मुलीला रानात जाण्यासाठी नवे कारण लागेल. गाव ज्याला नाकारू शकणार नाही असे कारण एकच दिसते, आणि ते म्हणजे शाळा. अभ्यासासाठी गेली होती, या उत्तरापुढे ‘कुठे गेली होतीस?’ हा प्रश्न टिकत नाही.

सार्वजनिक भूमीवरील संवर्धनाचे काम मुळात पुरुषांचे, ही समजूत केवळ आपल्याकडचीच नव्हे. अमेरिकेत १९३३ ते १९४२ या काळात बेकार तरुणांना वनांत व उद्यानांत काम देणारे मोठे दल उभारले गेले. सुमारे ३० लाख तरुणांनी त्यात झाडे लावली, वाटा बांधल्या, आगी विझविल्या. मुलींना त्यात प्रवेश नव्हता. एलेनॉर रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने स्त्रियांसाठी काही निवासी शिबिरे निघाली, पण सगळी मिळून त्यांतून गेलेल्या स्त्रियांची संख्या साडेआठ हजारांच्या आसपास राहिली. पुढे १९५५ मध्ये व्हॅसर महाविद्यालयातील एलिझाबेथ कुशमन या विद्यार्थिनीने आपल्या प्रबंधात, राष्ट्रीय उद्यानांच्या देखभालीत विद्यार्थ्यांना सामील करून घ्यावे, अशी योजना मांडली. १९५७ मध्ये ऑलिंपिक आणि ग्रँड टेटन या दोन राष्ट्रीय उद्यानांत ती प्रत्यक्षात आली आणि तिच्यातून निघालेली संस्था आजही काम करते. आज तेथील राष्ट्रीय उद्यान सेवा गर्ल स्काउट संघटनेबरोबर मुलींसाठी स्वतंत्र कार्यक्रमही चालविते. ज्या कामातून एका पिढीच्या मुलींना वगळले, त्याच कामाची नवी घडी पुढे एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाने बसविली, हा योगायोग उद्बोधक आहे.

चौकट, दोरी आणि कारवी

आपल्याकडे साधनांची उणीव सांगितली जाते. २००१ पासून राष्ट्रीय हरित सेना शाळाशाळांत आहे, त्यापूर्वी १९८२ मध्ये सामाजिक वनीकरणाचे स्वतंत्र खाते राज्यात उघडले गेले होते, वनमहोत्सव तर १९५० पासून दरवर्षी होतो. वृक्षारोपणाच्या समारंभाचे दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. खड्डे मुलगे खणतात, रोप पाहुणे लावतात, मुली रांगोळी काढतात, स्वागतगीत म्हणतात आणि ओवाळण्याचे ताट धरून उभ्या राहतात. मग वर्षभर त्या रोपांना पाणी घालण्याचे काम त्यांच्याकडे येते, आणि ते समारंभात मोडत नाही.

खरे काम याहून साधे आहे. चार काठ्या बांधून एक मीटर लांबीरुंदीची चौकट करावी. ती गायरानात, जेथे गुरे नित्य चरतात तेथे, टाकावी आणि तिच्यातील गवतांचे व रोपांचे प्रकार मोजावेत. नंतर तीच चौकट चराईबंदी असलेल्या जागी टाकून पुन्हा मोजावे. दोन आकडे शेजारी लिहिले की, चराईविषयीचे एक व्याख्यान वाचते. विहिरीत हातभर अंतरावर गाठी मारलेली दोरी सोडून पाणी किती खाली आहे हे दिवाळीनंतर एकदा आणि एप्रिलच्या अखेरीस एकदा पाहावे, मात्र कठडा असलेल्या विहिरीवर आणि मोठ्या माणसाच्या देखत. पळसाला पहिले फूल कोणत्या तारखेला दिसले, मोहाची फुले गळण्यास केव्हा आरंभ झाला, सावरीचा कापूस केव्हा उडू लागला, हे वहीत लिहून ठेवावे. एका वर्षाच्या नोंदीला फारसे मोल नाही. पाच-सात वर्षे सलग ठेवलेल्या नोंदीला मात्र शास्त्रज्ञही मान देतात, कारण ऋतुमान बदलत असल्याचा गावापुरता पुरावा अशाच वह्यांतून मिळतो.

या संदर्भात कारवीचे उदाहरण विशेष बोलके आहे. सह्याद्रीच्या उतारांवर वाढणारे हे झुडूप कोकणातील माणसाला कुडाच्या भिंतीमुळे ठाऊक असते. ते आठ वर्षांनी एकदाच फुलते, सारा डोंगर जांभळा करते, बी धरते आणि वाळून जाते. मुंबईतील बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ते २००८ मध्ये फुलले, २०१६ मध्ये फुलले आणि २०२४ मध्ये फुलले. २०१६ मध्ये पहिलीत असलेली मुलगी २०२४ मध्ये नववीत असावयास हवी. कारवीचा एक फेरा आणि मुलीचे शालेय जीवन यांची लांबी जवळजवळ सारखी आहे. म्हणून कारवीच्या मुलखातील एखाद्या शाळेने पहिलीतील मुलींना फुललेला डोंगर दाखविला आणि पुढील फुलोऱ्याच्या वर्षी त्यांतील कितीजणी अजून पटावर आहेत हे मोजले, तर झाडाच्या नोंदीबरोबर शाळेचीही नोंद होईल. पटावरून नाव का गेले, लग्नामुळे, स्थलांतरामुळे की पुढच्या वर्गाची शाळा दूर असल्यामुळे, हेही त्याच वहीत लिहिता येईल. ती वही शिक्षणाधिकाऱ्यांनी अवश्य वाचावी.

भीती आणि व्यवस्था

रानात मुलींना धोका नाही असे सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पात २० नोव्हेंबर २०२१ रोजी स्वाती ढुमणे या वनरक्षक, व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी फिरत असताना, वाघिणीच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. चंद्रपूर जिल्ह्यात मोहफुलांच्या व तेंदूपानांच्या हंगामात रानात गेलेली माणसे पहाटेच्या अंधारात वाघाच्या हल्ल्यांना बळी पडली आहेत. सापांचे, विंचवांचे, वणव्यांचे भय सर्वत्र आहे, आणि मुलींच्या बाबतीत माणसांचे भय त्याहून कमी नाही. तेव्हा शिक्षणासाठी राखीव वनाचा गाभा लागत नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. गायरान, रोपवाटिका, तलावाचा काठ, गावालगतचा वनखंड एवढे पुरे आहे. सूर्योदयानंतर निघावे, ऊन चढण्यापूर्वी परतावे, गट वीसपंचवीस जणींहून मोठा नसावा. बरोबर एक शिक्षिका आणि रानाची माहिती असलेली गावातील एक प्रौढ स्त्री असावी. वनहद्दीत जावयाचे असेल तर वनरक्षकाला आधी लेखी कळवावे.

एक गोष्ट सभांतून बोलली जात नाही, म्हणून येथे स्पष्ट सांगणे भाग आहे. मासिक पाळीच्या दिवसांत मुली अशा उपक्रमांना येत नाहीत आणि कारण सांगत नाहीत. आडोशाची, पाण्याची सोय असलेली जागा सहलीच्या वाटेवर असेल तर हजेरीत फरक पडतो. रोपवाटिकेत शौचालय बांधण्यास जो खर्च येतो तो स्वागतकमानीच्या खर्चाशी एकदा ताडून पाहावा.

देवरायांचा प्रश्न थोडा नाजूक आहे. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा जो अभ्यास केला त्यामुळे, गावाच्या श्रद्धेने राखलेल्या या लहान लहान वनखंडांचे शास्त्रीय महत्त्व लोकांपुढे आले. निसर्गशिक्षणासाठी त्यांहून चांगली जागा सापडणे कठीण. परंतु काही देवरायांत स्त्रियांना प्रवेश नसतो. गावाशी भांडून तेथे शिबिर भरवावे असे कोणी सुचविणार नाही. मात्र मुलींनी राई बाहेरून पाहावी आणि आत जाण्याविषयीचा प्रश्न ग्रामसभेत विचारावा, यास कोणत्याही रूढीची आडकाठी नाही.

नोंदवहीतील नाव

आता अधिकाराविषयी. १९९४ च्या महिला धोरणाने शासकीय सेवेत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखल्या. आज गस्त घालणाऱ्या वनरक्षकांत स्त्रिया आहेत आणि ताडोबात पर्यटकांना जंगल दाखविणाऱ्या मार्गदर्शकांतही जवळपासच्या गावांतील स्त्रिया आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांनुसार वनहक्क समितीत किमान एकतृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला याच कायद्याने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. त्यामागे गावाने वर्षानुवर्षे चालविलेले अभ्यासगट होते, हे विसरता येत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आली आणि गावातील वनस्पती, प्राणी व त्यांविषयीचे ज्ञान यांची लोकजैवविविधता नोंदवही करण्याचे काम तिच्याकडे आले.

ही नोंदवही पुष्कळ ठिकाणी बाहेरून आलेल्या माणसाने चार दिवसांत भरून दिलेली आढळते. तिच्यात वैदूचे नाव असते, पाटलाचे नाव असते, क्वचित एखाद्या वृद्धेचेही असते. माहिती देणारीचे वय बारा असल्याचे उदाहरण शोधावे लागेल. वास्तविक कोणता वेल कोणत्या कुंपणावर चढतो हे सांगणारी, चौकटीतील गवत मोजणारी, पळसाची तारीख लिहिणारी मुलगी याच गावात आहे. नोंदवहीच्या नूतनीकरणाचे काम शाळेतील मुलींच्या गटाकडे शिक्षिकेच्या देखरेखीखाली सोपवावे, प्रत्येक नोंदीखाली ती करणारीचे नाव लिहावे आणि त्या नोंदींना परिसर अभ्यासाच्या मूल्यमापनात स्थान द्यावे. यासाठी नवा कायदा लागत नाही, नवे खातेही लागत नाही. पाड्यावरील आजीला गुरू म्हणून बोलाविले तर तिच्या मानधनाची तरतूद मात्र करावी. ज्ञान फुकट घेण्याची सवय शासनाला लागू नये.

प्रत्यक्ष प्रारंभ येत्या ग्रामसभेपासून करता येईल. ग्रामसभेपूर्वी महिला सभा होते, तीत हा विषय घ्यावा. गावातील कोणत्या सार्वजनिक जमिनीवर, कोणत्या वारी, कोणत्या शिक्षिकेबरोबर मुली जातील, एवढे ठरावात लिहावे. जमीन गायरानाची असेल तर तिची हद्द तलाठ्याकडून त्याच वेळी दाखवून घ्यावी. अतिक्रमणाविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिलेला निकाल सर्व पंचायतींना ठाऊक आहे, पण आपल्या गायरानाच्या चारही कोपऱ्यांचे दगड किती सदस्यांनी स्वतः पाहिले आहेत, हा निराळा प्रश्न आहे. मुलींचा पहिला धडा त्या चार दगडांपासून सुरू करावा. ठरावाची एक प्रत शाळेत राहावी, एक वनपरिक्षेत्र कार्यालयात जावी आणि एक मुलींच्या पालकांना वाचून दाखवावी. पावसाळ्यात गवत वाढले की सापांमुळे गायरानात उतरता येत नाही आणि फेब्रुवारीनंतर वणव्यांचे दिवस येतात. म्हणून ऑक्टोबर ते जानेवारी हे चार महिने वेळापत्रकात आधी मोकळे ठेवावेत.